ओळखपाळख

सकाळचे साडेआठ. रिओनी नदीवर अजून धुकं.
खुर्चीत आधी नूत्सा, सहा वर्षांची,
डोळे घट्ट मिटून,
पण एक किलकिला, माझ्या सुईवर.

बाप्तिस्म्याच्या जेवणात
अक्रोडाच्या रश्श्यात एकच बोट बुडवून चाटलं तिनं,
आणि पेला उंचावून बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत
ओठ टम्म.
(आमच्याकडे ती वाक्यं लांब असतात, तरीसुद्धा.)
तिचं रक्त तोंडावर बोलणारं.
अक्रोड दिसला की धाडकन दार.
अहवालात एकच नाव, पुढे भलामोठा आकडा,
आणि आता दप्तरात रंगपेटीशेजारी
एक इंजेक्शन.

मग तिचा आजोबा, अन्झोर.
त्याला खाज सुटते, पोट फुगतं,
आज खाल्लेलं परवा उगवतं म्हणे.
जाहिरात वाचून तिबिलिसीला गेला,
महिन्याचं पेन्शन मोजलं आणि घेऊन आला
नव्वद पदार्थांचा कागद, ‘उशिराची ॲलर्जी’.
लाल रंगात: मका, राजमा, लसूण,
कोथिंबीर, चीज, अक्रोड.
पाच आठवडे नुसता उकडलेला भात.
पट्ट्याला दोन नवी भोकं.

डॉक्टर मेदेआंनी चष्मा कपाळावर चढवला.
‘हे वैऱ्यांची नावं नाहीत हो.
तुम्ही हे खात आलात,
एवढंच रक्तानं मांडून ठेवलंय.’

अन्झोर बराच वेळ काही बोलला नाही.
तळहातानं कागदाच्या घड्या सपाट करत राहिला.
मका. म्हणजे त्सिआलाची भाकरी.
राजमा, तिच्या मातीच्या भांड्यातला,
वर मूठभर कोथिंबीर, नको म्हटलं तरी.
फेब्रुवारीत गेली ती.

‘आणि नाहीच खाल्लं,
तर हे पुसट होतं?’
‘होतं. हळूहळू.’

मी नळ्यांवर नावं चिकटवत होते.
एक चिठ्ठी वाकडी लागली.

खाज कशाची, ते अजून कळलेलं नाही.
डॉक्टर म्हणाल्या, साबण बदलून बघा.
दुपारी बाजारात दिसला मला,
मक्याचं पीठ बोटांत चोळून बघताना,
जाड की बारीक, ते बाईला विचारत.
पिशवीत नवा साबण,
आणि कागदाच्या पुडीत चार अक्रोड.
ते मात्र घरात न्यायचे नाहीत.
इथेच पुलाच्या कठड्यापाशी फोडायचे,
खायचे, कपडे झटकायचे,
हात धुवायचे, पुन्हा एकदा धुवायचे,
मग शाळेच्या दाराशी जायचं,
तिला उचलून घ्यायला.