पिवळा दिवा

गाडी घेऊन अकरा महिने झाले, सात जणांची,
आणि डाव्या बाजूला कुठेतरी काहीतरी खडखडतं.
पारोळ्यापासून मुकटीपर्यंत
मी डॅशबोर्डला कान लावून बसले,
प्रत्येक गतिरोधकावर "आता ऐका" म्हणत.
निघाली काय, तर नणंदेची बांगडी,
कप्प्यामागच्या फटीत,
आखाजीला हरवलेली.
जिच्यावर आळ आला ती बेबाबाई
आता दुसऱ्यांची भांडी घासते.

खडखड गेली. दिवा राहिला.
एअरबॅगचा, पिवळा.
धुळ्याच्या शोरूमनं पाचशे नव्वद घेतले
आणि "सेन्सर" एवढंच म्हटलं.
गुलाब मिस्तरीनं सीटखाली हात घातला,
वायर हलवली,
"काही नई व्हस, वहिनी,"
आणि दिव्यावर काळी टेप चिकटवली.
यांना ते लगेच पटलं.
बेल्टची पिंपिंसुद्धा यांनी अशीच मिटवलीय,
साठ रुपयांची खोटी पट्टी खुपसून.

रात्री साडेनऊ. पत्रा अजून तापलेला.
तिसऱ्या रांगेत पोराची एक चप्पल, शेवेचा चुरा.
मी किल्ली फिरवते,
नखानं टेप सोलते.
आहे.
मग पट्टी उपसून काढते
आणि गाडी ओरडायला लागते, पिं पिं पिं,
थेट माझ्याच नावानं.
समोरच्या खिडकीत लाइट लागतो.
ओरडू देते जरा.

मग बेल्ट लावते.
बांगडी ओटीत.
बेबाबाईचं घर दोन गल्ल्या सोडून,
पायीही जाता आलं असतं.