मुनीम

जालन्याच्या मोंढ्यात नऊ वर्षं
सरकीच्या पेंडीची पोती ओढली त्यानं.
दुकानं पाठ झाली होती.
ज्याच्या त्याच्या पायरीशी न सांगता थांबायचा,
पोती उतरली की न सांगता निघायचा.
म्हणून नाव पडलं मुनीम.

माळेगावच्या जत्रेत त्याला कुणी
बसायचा घोडा म्हटलं नसतं.
पाय जाड, खूर ताटलीएवढे,
गळ्याखाली देवमण नाही,
चालीत नखरा नाही.
पाठ मात्र बाजेसारखी रुंद.

मग मोंढ्यात छोटा हत्ती टेम्पो आले.
गाडा गेला भंगारात, मुनीम आला म्हैसमाळला.
इथं मुख्तारभाई दर रविवारी
घाबरट माणसांना घोड्यावर बसवून
डोंगरातली वाट दाखवतात.

घाबरट माणसांत मी.
वय एकोणपन्नास, वजन विचारू नका.
जिल्हा परिषदेत पेन्शनच्या फायली बघते.
लहानपणी वरातीतला घोडा दारात आला
की मी आत धान्याच्या कोठीमागं.

"बसा ताई, हा काही करीत नाही बगा.
याला राग यायचा असता
तर मोंढ्यातच आला असता."

लाकडी स्टूल. एक पाय रिकिबीत,
दुसरा अजून म्हैसमाळच्या जमिनीवर,
मधे मी, अर्धी,
ओढणी खोगिराच्या कडीत अडकलेली.
मुनीमनं मान वळवून बघितलं.
मग वजनकाट्यावर उभं राहावं तसे
चारही पाय नीट रोवले
आणि माल चढायची वाट बघत राहिला.

वरून जग काही फार वेगळं नाही.
करवंदीच्या जाळ्या, वाळत आलेलं कुसळी गवत,
सीताफळाखाली मोबाईलवर कुस्ती बघणारं पोरगं,
त्याच्या शेळ्या भलतीकडंच.
फक्त माझा श्वास
मला इतक्या जवळून माहीत नव्हता.

मग वळण आलं.
पुढची दोन घोडी आतून कापून गेली.
मुनीम नाही.
तो चार पावलं जास्तच सरळ गेला,
थांबल्यासारखा झाला,
आणि सावकाश, लांबून,
दगडाला भलामोठा वळसा घालून वळला.

म्हटलं, लगाम चुकला का माझा?

"नाही ताई. त्याच्या मागं गाडा आहे."

मी मागं बघितलं.
मुरमाची वाट. तिच्यावर आमचीच धूळ.
मुख्तारभाई हसले नाहीत.
"मागचं चाक अडकंल म्हणून लांबून घेतो.
तीन साल झाले गाडा जाऊन.
याला कोण सांगणार?"

घरी मी अजून
मिक्सर दार लावून फिरवते.
आतल्या खोलीत आता
कुणी झोपलेलं नसतं.

पुढचं वळण आलं तेव्हा
मी लगाम ओढला नाही.
मीही बाहेरून घेतलं, त्याच्यासारखं,
दोघांच्या मागं जे काही होतं
त्याला जागा सोडून.

चहाच्या टपरीपाशी तो आपणहून थांबला.
टपरीवाल्याकडं बघितलं, जुनी उधारी असल्यासारखं.
त्यानंही मुकाट गुळाचा खडा काढला.

उतरताना पुन्हा तेच.
चारही पाय नीट, मान खाली, घाई नाही.
माझा दुसरा पाय जमिनीला लागला,
गुडघा कडकडला,
तेव्हा कुठं त्यानं
पाठीची कातडी एकदा थरथरवली.

मुख्तारभाईंनी दोनशे घेतले, पन्नास परत दिले.
"पुढच्या आइतवारी येताना पेरू आणा.
पिकलेला नको,
कच्चा. दातांखाली
आवाज आला पाहिजे त्याला."