सुकतीचं वेळापत्रक

बत्तीस वर्षं देवगड डेपोत
मी गाड्यांच्या वेळा लावल्या.
साडेपाचची लागली नाही की
प्रवाशांच्या आधी माझ्या पोटात गोळा.
निवृत्त झालो. गाड्या गेल्या, गोळा राहिला.
रात्री अडीचला उठून बसायचो,
अंधारात कुठली तरी गाडी लेट आहे
आणि फलकावर मी लिहिलेलं नाही.

आरोग्यकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी
पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या
आणि चिठ्ठीच्या पाठीवर लिहिलं:
हसीना सोलकर, खाडीचा धक्का. एकट्याने जाऊ नये.

गेलो. घड्याळ बघून, ठीक सातला.
चिटपाखरू नाही. निम्म्या पायऱ्या अजून पाण्यात.
जाळं सांधणारा म्हातारा मान वर न करता म्हणाला,
"सात कोणी सांगल्यान? आज चवथ.
सुकती सव्वाआठाक."

म्हणजे रोज पाऊण तास उशिरा सुटणारी गाडी,
आणि तक्रारवही कुठेच नाही.

हसीनाबी पुढे, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली.
मागे मोंडकरबाई, फिलू फर्नांडिस, मी,
आणि गोव्यातली नोकरी सोडून आलेला हर्षद,
जो कुणाशी बोलत नाही.
खुबे डोळ्यांनी सापडत नाहीत.
टाच रोवायची, कंबर डावीकडे, कंबर उजवीकडे,
चिखल आधी गार लागतो, मग कोमट,
मग तळव्याखाली काहीतरी कडक, गोल.
माझी पहिल्या दिवसाची कमाई: चार खुबे, एक बाटलीचं बूच.

चिखल दलदलीचा लागला की
एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून रांग.
मी जन्मभर माणसं बघितली
खिडकीच्या भोकातून, मनगटापर्यंतच.
फिलूचा खांदा घामाने ओला होता.
मोंडकरबाई चिखलात काठीशिवाय चालतात,
काठावर आल्या की पुन्हा काठी मागतात
आणि गुडघ्यांना शिव्या देतात.
"बारीक आसत ते सोड," हसीनाबी ओरडते.
माझ्या पाटीतले निम्मे परत जातात.

पण अष्टमी येते.
भांगाचं पाणी, धड उतरत नाही, धड चढत नाही.
ते तीन-चार दिवस कठीण जातात,
हे मी डॉक्टरीणबाईंपासूनही लपवलेलं नाही.
गोळा येतो, आपल्या जुन्या जागेवर बसतो.

मागच्या भांगाला दारात हर्षद उभा.
हातात फुटकी रोवळी, काखेत काथ्याचं बंडल.
बसला पायरीवर. मीही बसलो.
जेवणवेळेपर्यंत आम्ही ती रोवळी बांधली,
वाईट बांधली, एका बाजूला कलती.
उठताना म्हणाला, "उद्या?"
मी म्हटलं, "उद्या नवमी. पाणी हटायचं नाही.
परवाही नाही. तेरवा बघू."
तो हसला. म्हणाला,
"गाडी रद्द."

अडीचला जाग अजून येते.
तिथी मोजतो, बोटांच्या पेरांवर:
आत्ता पाणी उतरत असेल,
मोरीखालून, कांदळाच्या मुळांमधून,
कुणी शिट्टी न मारता.
पांघरुणाखाली माझी टाच
डावीकडे फिरते, उजवीकडे फिरते.