शून्याचा बल्ब

नाथसागरात मीठ नाही,
पण पैठणच्या बाजूने पाहिलं की पलीकडचा काठ दिसत नाही,
म्हणून नावातला सागर कुणी खोडत नाही.

तराफा सोडला त्याला सातवा महिना.
वाऱ्यासाठी एक भिंगरी,
एक तार पाण्यात, चार बोटं खोल,
एक हवेत, पांढऱ्या जाळीदार नळीत.
दर दहा मिनिटांनी एक ओळ उतरते:
पाण्याने हवेला किती ऊब दिली,
चौरस मीटरमागे, वॅटमध्ये.

तिकडे छावणीत, भाड्याच्या खोलीत,
तबस्सुम हेच पाणी चौकटींत मांडते.
तिच्या पाण्याला शेवाळ नाही, होडी नाही.
गुणांक आहेत, आणि ताटासारखा सपाट तळ.

रात्री दोनला तिचं गणित म्हणतं, चोवीस.
माझी तार म्हणते, एक्केचाळीस.

आम्ही फोनवर भांडलो,
एकाच अंगठीवरून दोन सोनार भांडावेत तसं.
तुझा काटा खोटा.
तुझी कसोटी खोटी.

मग कडूबा लिंबोरेने होडी काढली.
नळीवर पाणकावळा बसला होता, पंख उघडून,
आणि जाळीची भोकं त्याच्या शेऱ्यांनी बुजलेली.
घासली. सतरातले सहा त्याच्या नावावर गेले.

अकरा उरले.
धुऊन, पुसून, तार बदलूनही अकराच.

कडूबाने अंधारात हात बुडवला, मनगटापर्यंत.
'हितं रातच्याला कोमट ऱ्हातंय.
खाली जुनी गंगा हाय, तिचं पात्र खोल.
दिसभर खाल्लेलं ऊन
ती सावकाश ढेकर देत बसती.'
वल्ह्याने दाखवलं, हितनं पार तितवर.
मी ते वल्ह्याचं टोक नकाशावर कसं उतरवू?

'अकरा म्हंजी किती?' त्याने विचारलं.
'शून्याचा बल्ब असतो ना घरी, तेवढं.'
'त्याला तर शून्य म्हंत्यात.'
'म्हणतात.'
'पण रातभर जळतोय की.'

तो गप्प वल्हवत राहिला.
मीटरामीटरावर एकेक शून्याचा बल्ब,
काठापासून न दिसणाऱ्या काठापर्यंत,
आणि उजेड कुठेच नाही.

तबस्सुमला लिहिलं: तळ सपाट धरू नकोस.
पहाटे तिचा निरोप आला,
किती खोल, ते सांग.