तिसऱ्या प्रतीचं पान

रायबंदरच्या एका घराने वह्या विकायला काढल्या,
रद्दीच्या भावाने. मला बोलावलं, कारण मला मोडी येते
आणि तासाचे मी फार घेत नाही.
तंबाखूचा मक्ता, मोर्तू शेणव्याचा,
अठ्ठेचाळीस वह्या. त्यातल्या एकतीस
माझ्याआधी वाळवीने वाचलेल्या.

पहिलं पान उघडलं आणि शिंकले.
शिवणीत अजून तपकीर बसलेली.
घरमालक म्हणाले, जरा थांबा, पाणी प्या.
मोर्तूबाबही असेच थांबले असतील का
गलबत धक्क्याला लागताना?
शिंकून, एक घोट पिऊन, मग पुढे?

अक्षर देखणं. शिरोरेघ आधी ओढून घेतलेली,
मग तिला एकेक गोष्ट टांगलेली,
दोरीवर पान सुकत घालतात तशी:
“बाहियाचे वळे तीनशे बारा, चामड्यात शिवलेले,
पैकी भिजके अकरा.
हस्तिदंत, नग सात.
खाप्रो एक, मोसंबिकचा, वय अदमासे चौदा, दात पुरे.
मेणबत्त्या.”

मेणबत्त्यांचा आकडा पुसट आहे.
बराच वेळ मी तोच लावत बसले.

बाहिया कुठे, हे वहीत नाही.
तिथे पान खुडणारे हात समुद्रापलीकडून आणलेले,
आणि ते हात विकत घ्यायला जायची तीच पानं:
चांगली प्रत राजाला, थोडी आम्हाला,
तिसरी, मोडकी, काकवीत बुडवून
दोरखंडासारखी वळलेली, मीनाच्या किनाऱ्याला.
इतके वळे, एक माणूस.
माणसाने पान लावायचं, पानाने माणूस आणायचा,
त्याने पुन्हा पान लावायचं.
आमची मांडवी या फेऱ्याच्या कडेला,
चिमूटभर,
अंगठा आणि तर्जनीत मावेल एवढी.

मी शब्दांवर पोट भरते, म्हणून शब्द मोजले.
तंबाखू त्यांच्या जहाजांतून उतरली. पिंप, चावी, घमेलं.
पगारसुद्धा.
लिलावही, जो कालपर्यंत मला
बँकेच्या नोटिशीतला, आपलाच वाटायचा.
आणि तुरुंग: त्यांच्या भाषेत झाडाचं खोड,
पाय अडकवायला भोकं पाडलेलं.
सगळे घराघरांत गेले, भाकरी खाल्ली, मराठी झाले.

तो चार पानांनंतर सापडतो, खर्चाच्या बाजूला.
“पाद्रीस बाप्तिस्म्याबद्दल अर्धी अशर्फी. नाव दामियांव.”
आईने ठेवलेलं फुकट होतं,
त्याची नोंद नाही.
पुढे काढा, दोनदा. एक चटई.
पुढे: “दामियांव चोडणच्या बाजूस पळाला.
शोधास होडी, माणसे दोन, भत्ता.”
नऊ दिवस भत्ता. दहाव्या दिवशी बंद.
सापडला म्हणून,
की शोधणं महाग पडलं म्हणून?
नेमक्या त्या जागी भोक आहे, नदीसारखं वाकडं.
आयुष्यात पहिल्यांदा मी वाळवीच्या बाजूने झाले.

संध्याकाळी फेरीबोटीने चोडणला गेले. काम काही नव्हतं.
खाजणाच्या बांधावर, मानशीपाशी, एक काळा दगड आहे.
खाप्रो म्हणतात. देऊळ नाही, फूल नाही.
रात्री मासे धरायला जाणारे
वाट राखावी म्हणून त्याच्यापुढे विडी ठेवतात.
रेमेजियोने खिशातून दोन काढल्या,
एकाच काडीवर पेटवल्या,
एक स्वतःच्या ओठात, एक दगडापुढे.
“ताका आवडटा,” म्हणाला.
कुणी सांगितलं, विचारावंसं वाटलं.
तोवर तो जाळं घेऊन पाण्यात उतरला होता.

विडी आपसूक जळत राहिली.
झटकायला हात नसल्यामुळे
राख लांबत गेली,
न तुटता, बराच वेळ.