पेर

वडिलांच्या डाव्या बरगड्यांखाली
पाण्यानं टरारलेल्या फोडांचा पट्टा उठला
कण्यापाशी सुरू होऊन
पोटाच्या बरोब्बर मधोमध थबकलेला,
जणू तिथं कुणाच्या तरी शेताचा बांध होता.

नागीण, मी म्हटलं.
तुइलोमा म्हाताऱ्यानं सदरा आणखी वर धरला.
"आणि हिला कुणी सांगितलं, इथंच थांब म्हणून?"

मी फिजीच्या मेडिकल कॉलेजातून सुट्टीवर आलेली,
बॅगेत माणसाचा नकाशा:
उघडं अंग, अंगावर पट्टे, पट्ट्यांवर आकडे.
बॉलपेन काढलं आणि त्यांच्या पाठीमागं चटईवर बसले.
हा सातवा. हा आठवा, तुमचा, जळतोय तो.
बेंबीवरून जातो तो दहावा.
अंगठा मानेतल्या सहाव्याचा, करंगळी आठव्याची.
दर मणक्याआडून मज्जातंतूंची एक जोडी निघते
आणि आपापल्या वाट्याची कातडी राखते.
लहानपणच्या तुमच्या कांजिण्या
यातल्याच एका मुळाशी साठ वर्षं निजून होत्या.

शाई घामानं फिसकटत होती.
ते गप्प. मग म्हणाले, "म्हणजे ऊस."

हो, ऊस.
आईच्या पोटात तिसऱ्या आठवड्याच्या शेवटाला
पाठीच्या दोन्ही बाजूंनी कांडी पडू लागतात,
डोक्याकडून खाली, जोडीजोडीनं,
चार-पाच तासांनी एक जोडी, घड्याळ लावल्यासारखी.
चाळिसाच्या वर होतात.
शेवटची काही शेपटाची. ती विरतात.
उरतं ते माकडहाड.

"तुला किती पडली होती?"
तेवढीच, मी म्हटलं. सगळ्यांना तेवढीच.
"तुझ्या आईला ठाऊक नव्हतं."
कुणालाच ठाऊक नसतं, तेव्हा पाळीसुद्धा नुकतीच चुकलेली असते.
त्यांनी सदरा खाली सोडला
आणि खोबरेल मागितलं.
खोबरेल नाही, गोळ्या, मी म्हटलं. दिवसातून पाच वेळा.

त्या रात्री चंद्र अर्धा, आणि उशिरा उगवलेला.
सवाईई बेटावर सगळं गाव जागं.
डॉक्टर ओनोसाईंनी बजावलं होतं, पाण्यात उतरायचं नाही.
पहाटे तीनला अंथरूण रिकामं,
खुंटीवरची जाळीही नाही.

समुद्रात कंदील. बायकांच्या गळ्यात मोसोओईच्या माळा,
कमरेइतक्या पाण्यात पोरं,
आणि काळ्या पाण्याला अचानक दोरे फुटले.
पालोलो.
प्रवाळाच्या भोकात किड्याचं डोकं बसून राहतं,
भित्रं, शहाणं,
आणि मागचा अर्धा तोडून वर धाडतं:
हिरवी-निळी मादी, तांबूस नर,
नुसती पेरं, एकापुढं एक,
तोंड नाही, पोट नाही,
दर पेरावर मात्र एक डोळ्याएवढाही नसलेला डोळा
आणि पेरभर अंडी.

वडील दिसले. सदरा डोक्याला गुंडाळलेला,
पाणी छातीपर्यंत, म्हणजे आठव्या पट्ट्यावर मीठ.
मी ओरडायला गेले.
त्यांनी ओंजळ पुढं केली.
ओंजळीत वळवळणारं हिरवं
बोटांच्या पेरांमधून निसटत होतं.

"हे अर्धं वर आलं.
खाली बसलंय त्याला हे आठवतं का गं?"

नकाशात हे नव्हतं.
पूर्वेला फटफटलं, उजेड पाण्याला लागला
आणि पेरं सुटू लागली, फुटू लागली.
समुद्र दुधी झाला,
कुणीतरी आभाळभर पेरणी करून
मूठ झाडावी तसा.

घरी आल्यावर लोण्यात परतले, पावाबरोबर खाल्ले.
फोड लाल झाले होते.
ते पालथे पडून राहिले, मी पाठ पुसली.
शाईचे आकडे बहुतेक धुऊन गेले होते.
आठवा तेवढा दिसत होता, अर्धा.