राखेची पाळी

माझे वडील, रहमिन शालोम आष्टमकर,
गिरणीच्या बॉयलरवर होते.
कुणी विचारलं की आई सांगायची, "मशीन खात्यात."
खरं तर ते राख काढायचे.

पहाटे चारला, भोंग्याच्या आधी,
खाकी अर्धी चड्डी, डोक्याला पंचा,
हातात लांब दांड्याचं खोरं.
भट्टीचं तोंड उघडलं की, म्हणायचे,
सोलापूरचा मे महिना थंड वाटतो.

सुट्टीला चाळीच्या गॅलरीत बसून
लेवीयाचं पुस्तक वाचायचे मोठ्यानं,
ओळीखाली बोट, बोटाच्या पेरांत काजळी.
बैल. मेंढा. कबुतरांची जोडी.
आणि ज्याला कबुतरंही परवडत नाहीत
त्यानं थोडं सपीट आणावं,
त्यातली एक मूठ विस्तवावर.
आई आतून म्हणायची, "आपला नंबर तिथला."

"यरुशलेमच्या त्या घरात
दिवसाचं पहिलं काम कोणतं, सांग?
सुरी नाही. धूप नाही.
रात्रभर जळलं त्याची राख काढणं.
त्यासाठी याजक पळत सुटायचे उतरणीवरून वर,
एकाचा पाय मोडला ढकलाढकलीत,
तेव्हापासून पाळ्या ठरवून दिल्या.
राखेसाठी, बघ!
मला गिरणीत कुणी ढकललं नाही.
जागा रिकामीच होती."

"मग आपण याजक?"
"छे गं. नवगावला गलबत फुटलं,
सात जोडपी किनाऱ्याला लागली म्हणतात,
त्यांत याजक कुणी नव्हता.
आपण तेली झालो.
शनवारी घाणा न जुंपणारे तेली."

शनवारची त्यांची पाळी मलप्पा होटगी करायचा.
मलप्पाला सोमवारी सिद्धेश्वराला जायचं असे,
ती पाळी हे करत.
एकोणीस वर्षं चालला हा करार,
मस्टरवर कुठंही न लिहिलेला.

मी आठवीत होते, वाद घालायचं वय.
"पण त्या घरात तर शब्बाथलाही आग पेटती ठेवायचे!"
भाकरीचा तुकडा मिठाला लावत म्हणाले,
"ती देवाची होती.
ही कंपनीची."

एके सकाळी भोंगा झाला नाही.
दुसऱ्या दिवशीही नाही.
ते घर जळालं तेव्हा म्हणे याजकांनी
किल्ल्या आकाशात फेकल्या,
वरून एक हात आला आणि घेऊन गेला.
वडील खोरं घेऊन टाइमकीपरकडे गेले.
तो कुलपाचं लाखेचं सील बघत होता.
"राहू द्या तुमच्याकडंच," म्हणाला.

वेदीवरची आग विझू देऊ नये,
ते पान आलं की आता दोन पानं एकदम उलटायचे.

प्रार्थनेला दहा पुरुष सोलापुरात कधी जमले नाहीत.
सात जमायचे, एकदा आठ.
रेल्वेतले दिघोडकर बदलून दौंडला गेले
आणि मोजायचंच सोडून दिलं.

चारला मात्र उठायचे.
बंबाची राख काढायचे, बाभळीची,
आतून अजून ऊब असलेली.
मग हातपाय धुऊन, इस्त्रीचा सदरा घालून,
डालड्याचा डबा उचलायचे.
राखेसाठी कपडे बदलावेत,
ती वस्तीबाहेर स्वच्छ जागी न्यावी,
असं लिहिलंय.
वस्तीबाहेर तेव्हा स्वच्छ जागा नव्हती.
ते डबा नरसम्मा चिलवेरींच्या दारात ठेवायचे.

नरसम्मा उजाडता उजाडता नळावर बसायच्या,
तेलुगूत कुणाला तरी शिव्या देत
हंडे घासायच्या त्या राखेनं.
वडील कठड्याला टेकून
शेवटचा हंडा विसळून होईपर्यंत उभे असत.
काय बघता, विचारलं तर
"काही नाही," म्हणायचे.

आता गिझर आहे. खोऱ्याला गंज चढलाय.
चारला जाग येते मला,
काढायला घरात काही नसतं.
अंधारात ओट्यावरून हात फिरवते.
रात्रीच्या भाकऱ्यांचं पीठ,
मूठभर नव्हे,
बोटाला लागेल इतकं.